ड्रॉइंग सेक्शनमधलं बिननावाचं झाड

एका खोलीत पाच माणसं बारा-तेरा वर्षं शेजारी शेजारी बसली की केलेलं काम कुणालाच आठवत नाही. किती ड्रॉइंग्ज काढली, किती खोडली, विचारू नका! पण कुणाच्या मुलीच्या लग्नात आम्ही भेटलो की एक जण हमखास म्हणतो, "ते झाड आठवतं का?" झालं! मग पंगत उठते, मांडववाले खुर्च्या गोळा करायला लागतात, तरी आमचं झाड चालूच. आणि दर लग्नात एखादा किस्सा नवा निघतो, जो आधी कुणी सांगितलेलाच नसतो.

तर नाशिकजवळ अंबडला आमची पंप बनवणारी कंपनी होती. तिथे मी ट्रेसर होते, म्हणजे पेन्सिलीची ड्रॉइंग्ज शाईने गिरवून काढणारी. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. कॉम्प्युटर अजून आले नव्हते. उतरते ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, पेन्सिली आणि उत्तरेकडे एकुलती एक खिडकी. सेक्शनचे मुख्य देवरेसाहेब, मूळचे सटाण्याकडचे. एरवी शुद्ध बोलायचे, पण पारा चढला की अहिराणीत शिरायचे. त्यांच्या हाताखाली तीन जण. निफाडचा गायधनी, घरी द्राक्षबाग, त्यामुळे जगातल्या कुठल्याही झाडावर बोलायचा त्याला अधिकार होता. दुसरे मोघे, फार नीटनेटके, पेन्सिलीलासुद्धा टोपण घालणारे. तिसरी मी. आणि आमचा शिपाई पुंजाराम, पेठकडच्या डोंगरातला, चाळिशीचा, कमी बोलणारा.

निलगिरीकडचे एक इंजिनिअर वर्षभरासाठी आमच्याकडे आले होते. ते परत गेले आणि सोमवारी पुंजाराम त्यांच्या टेबलावरून तेलाचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आला. डब्यात एक झाड. खोड नाही, फांदी नाही. मातीतून सरळ वर आलेली सात-आठ लांब, रुंद, गडद हिरवी पानं. सोबत चिठ्ठी. इंग्रजीत एकच ओळ, "कृपया हिची काळजी घ्या."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "हाई काय शे?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"नंबर नसलेली वस्तू माझ्या सेक्शनमध्ये राहणार नाही," साहेब म्हणाले. आम्हाला वाटलं, गेलं झाड! पण दुसऱ्या दिवशी त्याच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेलं कार्ड होतं. साहेबांच्या सुंदर ब्लॉक अक्षरांत नंबर घातलेला. पुढे 'वर्णन: झाड. नाव समजल्यावर भरणे.'

मोघ्यांनी कार्ड वाचलं. "साहेब, मटेरियलचा रकाना रिकामा राहिलाय."

साहेबांनी झाडाकडे दोन मिनिटं बघितलं. मग पेन काढून लिहिलं, "हिरवं."

* * *

नाव शोधायची मोहीम त्याच आठवड्यात सुरू झाली. मी म्हटलं सोनटक्का. मोघे म्हणाले कर्दळ. पुंजारामने पानाचा एक तुकडा तोडला, चुरगळला, हुंगला, चावला आणि खिडकीतून थुंकला.

"आमच्या डोंगरात हे नाय."

"मग काय आहे?"

"आमच्या डोंगरात नाय म्हनल्यावर मला कसं ठाव असंल?"

एवढं प्रामाणिक उत्तर पुढच्या दहा वर्षांत कुणीही दिलं नाही!

गायधनीचं मात्र ठरलेलं. "मॅडम, ही हळद हाय. पान बघा ना! डोळे झाकून सांगतो." आम्ही हसलो तर तो इरेला पेटला. फूटपट्टीने माती उकरून त्याने मुळाचा बोटभर तुकडा काढला आणि रुमालात बांधून घरी नेला. त्या दिवसांत त्याला खोकला होता.

मंगळवारी गायधनी आला नाही. बुधवारी आला नाही. गुरुवारी आला, खुर्चीत सावकाश टेकला आणि एवढंच म्हणाला,

"हळद नाय."

* * *

पहिल्याच हिवाळ्यात पानं पिवळी पडायला लागली. एक गेलं, दुसरं गेलं. सगळे जण हळहळत होते, पण झाडाकडे बघायला वेळ फक्त आपल्यालाच आहे, असं प्रत्येकाला मनातून वाटत होतं.

मी डबा खाल्ला की माझ्या बाटलीतलं उरलेलं पाणी त्याला घालायचे. मोघे उकळून गार केलेलं पाणी आणायचे, गुपचूप. गायधनी चहाचा तळ ओतायचा, वर चहापत्ती. म्हणे खत. आणि साहेब सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, तेव्हा तांब्याभर. झाड जितकं पिवळं पडे तितकं प्रत्येकाचं पाणी वाढे!

एका शनिवारी डब्याचा तळ गंजून सुटला. पाणी थेट खालच्या नकाशांच्या कपाटात. मोठ्या पंपाच्या केसिंगचं ट्रेसिंग, माझ्या तीन आठवड्यांचं काम, शाई फुटून निळं तळं झालं. मला रडूच यायला लागलं.

साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. "झाडाला पाणी कोण घालतं? हात वर करा."

मी हळूच हात वर केला. मग मोघ्यांनी. मग गायधनीने. आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. थोड्या वेळाने साहेबांचाही हात छातीपर्यंत वर आला आणि तिथेच थांबला.

एकटा पुंजाराम हात खाली सोडून उभा.

"तू नाही घालत?"

"मी रोज सांजला डबा तिरपा करून पानी काढून टाकतो, साहेब," पुंजाराम म्हणाला. "म्हनून तर जगलंय ते!"

साहेबांनी त्याच दिवशी मातीची कुंडी मागवली, खाली मोठं भोक असलेली. तेव्हापासून झाडाला पाणी फक्त पुंजाराम घालायचा. आम्हाला परवानगी नव्हती.

* * *

नाव काही कळत नव्हतं. मी गंगापूर रोडवरच्या एका नर्सरीत पान घेऊन गेले. नर्सरीवाल्याने पान उलटंपालटं केलं.

"शोचं झाड आहे, ताई."

"हो, पण नाव काय?"

"शोचं झाड."

"अहो, पण शोची झाडं पुष्कळ असतात. हे कुठलं?"

तो माझ्यावर जरा चिडलाच. "नुसतं शोचं!"

माझ्या मिस्टरांचे एक स्नेही कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, जोगळेकर सर. त्यांना पान दाखवलं. त्यांनी भिंगातून पाहिलं, दोन जाडी पुस्तकं काढली, परत मिटली. म्हणाले, "पानावरून अंदाज सांगेन, पण मी अंदाज सांगत नाही. फूल आणा."

"याला फूलच येत नाही, सर."

"फूल येत नाही असं झाड नसतं. बघायला आपण चुकतो."

झालं! तेव्हापासून दर हिवाळ्यात सरांचा फोन यायचा. नमस्कार नाही, कसे आहात नाही. "आलं का?" "नाही, सर." "बरं." खट्! आमच्या सासूबाईंना कितीतरी वर्षं वाटत होतं की या माणसाच्या मुलाचा रिझल्ट लागायचा राहिलाय.

* * *

आता गायधनीचा गुन्हा.

साहेब बहिणीकडे सटाण्याला गेले होते, आठ दिवस. ऑक्टोबर होता. आम्ही जेवून परत आलो तर कुंडीत एकही पान नाही. नुसते खुंट! आणि शेजारी गायधनी कात्री पुसत उभा.

"हे काय केलंस?" मी ओरडलेच.

"ऑक्टोबर छाटणी, मॅडम. आमच्याकडं छाटणीशिवाय बागेला काय लागतंय का? छाटलं की फुटवा येतो. फुटवा आला की फूल. तुमच्या सरांना फूलच पायजे ना?"

वर त्याने द्राक्षवेलींना लावतात तसा मोरचूद आणि चुना कालवून खुंटांना लावला होता. कुंडीत निळ्या टोप्या घातलेली मेलेली माणसं उभी असावीत, तसं दिसत होतं.

साहेब परत आले. ते अहिराणीत शिरतील, बोर्ड उलथा करतील असं वाटत होतं. त्यांनी काहीच केलं नाही. कुंडीपाशी उभे राहिले, जागेवर गेले आणि गायधनीच्या टेबलावर टाइप केलेला कागद पाठवला. 'आपण सेक्शनच्या वस्तूचे नुकसान का केले, याचे लेखी स्पष्टीकरण द्यावे.' बस्स. बोलले नाहीत. त्यानंतर चार महिने ते गायधनीशी कामापुरतंसुद्धा बोलले नाहीत. चिठ्ठ्या पाठवायचे.

गायधनी खचला. चेष्टा करणारा माणूस, पण चेष्टा बंद. अर्धा तास आधी यायचा, कुंडीत वाकून बघायचा आणि जागेवर येऊन बसायचा. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. जानेवारीत मी त्याला म्हटलं, "जाऊ दे रे, एक झाडच तर होतं." तर म्हणाला, "मॅडम, बागेत गारपीट झाली तर मानूस देवाला शिव्या घालतो. हितं कुनाला घालू? कात्री माझीच!"

फेब्रुवारीत एका सकाळी मी गेट ओलांडते तोच तो धावत आला. "चला! चला लवकर!" मातीतून एक हिरवं टोक वर आलं होतं. कागदाची सुरळी करावी तसं गुंडाळलेलं, बोटभर उंच.

दुपारी गायधनीने अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. अकाउंट्सच्या देशपांडेबाईंनी पेढा तोंडात टाकत कौतुकाने विचारलं, "अरे वा! मुलगा की मुलगी?"

"पान!" गायधनी म्हणाला.

साहेबांनीही पेढा घेतला. संध्याकाळी जाताना दारात थांबून म्हणाले, "गायधनी, छत्री विसरलास." फेब्रुवारीत छत्री कुठली! पण ते त्याच्याशी बोलले, एवढं खरं.

* * *

पुढे कंपनीत क्वालिटीचं वारं आलं. सर्टिफिकेट मिळालं तरच परदेशी ऑर्डर, असं मालकांनी सांगितलेलं. ऑडिट करायला मुंबईहून एक तरुण गृहस्थ आले, टाय लावलेले, चुकूनही न हसणारे. सगळे विभाग पार पडले. शेवटी आमची खोली. मालक स्वतः मागे उभे, रुमालाने कपाळ टिपत.

ऑडिटरची नजर खिडकीवर गेली. "हे काय?"

"झाड," साहेब म्हणाले.

"याला ड्रॉइंग नंबर आहे."

"आहे."

"मग ड्रॉइंग दाखवा."

मालकांनी डोळे मिटले. पण साहेबांनी शांतपणे कपाट उघडलं आणि खरंच एक ट्रेसिंग बाहेर काढलं! झाडाचा समोरून व्ह्यू, बाजूने व्ह्यू, वरून प्लॅन, सगळ्या पानांची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये. खाली 'चेक्ड बाय: देवरे.' झाड पुन्हा भरल्यावर, छाटणीची शिक्षा म्हणून, त्यांनी ते गायधनीला काढायला लावलं होतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

ऑडिटरने ट्रेसिंग हातात धरलं आणि तो पानं मोजायला लागला. एकदा मोजली. परत मोजली.

"ड्रॉइंगमध्ये एकोणीस आहेत. इथे एकवीस."

परदेशी ऑर्डर दोन पानांवर लटकलेली!

साहेबांनी घसा खाकरला. "प्रॉडक्ट अजून डेव्हलपमेंटमध्ये आहे, साहेब."

सर्टिफिकेट मिळालं. ऑडिटर दारातून बाहेर पडताना पहिल्यांदा हसला, असं मोघे सांगतात. मी पाहिलेलं नाही.

* * *

अकराव्या की बाराव्या हिवाळ्यात जोगळेकर सरांनी फोन केलाच नाही. ते थेट ऑफिसातच आले! निवृत्तीनंतर जुनी पुस्तकं पुन्हा चाळत बसलेले, माकडटोपी, स्कूटरवरून, अंबडच्या थंडीत काकडत.

"झाड कुठाय?"

त्यांनी पानांकडे बघितलंसुद्धा नाही. गुडघ्यांवर बसले आणि बोटाने कुंडीतली माती बाजूला करायला लागले. माती कसली, वर्षानुवर्षांची चहापत्ती आणि पेन्सिलींची सालपटं! आम्ही सगळे भोवती वाकलो.

पानांच्या बुडाशी, मातीला अगदी चिकटून, एक जांभळट तपकिरी, बटाट्याच्या कापासारखं मांसल काहीतरी होतं.

"कुणाचं तरी बटण पडलंय," मोघे म्हणाले.

"हे फूल आहे!" सर जवळजवळ ओरडलेच. "दर वर्षी येत असणार. तुम्ही आपले वर बघत बसलात!"

मग त्यांनी नाव सांगितलं. अ‍ॅस्पिडिस्ट्रा. गायधनीने तीनदा म्हणून बघितलं, तिन्ही वेळा वेगळं झालं. सर म्हणाले, "अवघड वाटत असेल तर साधं नाव आहे. इंग्रज लोक याला कास्ट आयर्न प्लँट म्हणायचे. अंधारात ठेवा, पाणी विसरा, धुळीत टाका, मरत नाही. ओतीव लोखंडच!"

देवरेसाहेब एकदम ताठ झाले. आमच्या सगळ्या पंपांची बॉडी कास्ट आयर्नची. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही काढलेलंच नव्हतं.

ते कुंडीपाशी गेले. कार्ड आता पिवळं पडलं होतं. वर्णनाचा रकाना त्यांनी तसाच ठेवला. खालच्या मटेरियलच्या रकान्यातला 'हिरवं' हा शब्द पट्टी लावून एका रेषेने खोडला, शेजारी नियमाप्रमाणे छोटी सही केली आणि लिहिलं, "सी.आय."

* * *

त्यानंतर वर्षभरात साहेब निवृत्त झाले. तोपर्यंत बोर्ड स्टोअरमध्ये गेले होते आणि आम्ही सगळे कॉम्प्युटरपुढे बसायला लागलो होतो. सहाएक महिने गेले असतील. एका सकाळी ऑफिसच्या दारात रिक्षा थांबली आणि साहेबांच्या मिसेस उतरल्या, एकट्याच. त्या कधी ऑफिसात आल्या नव्हत्या. मी खुर्ची दिली, पुंजारामने पाणी आणलं.

"काकू, साहेब बरे आहेत ना?"

"तब्येत बरी आहे. पण बोलत नाहीत," काकू म्हणाल्या. "इंदिरानगरच्या त्या ब्लॉकमध्ये आम्ही दोघंच. मुलगा बंगलोरला. सकाळी उठतात, आवरतात आणि गॅलरीत बसतात. चहा घेणार? मान हलवतात. भाजी काय करू? मान हलवतात. डॉक्टर म्हणाले, नोकरीत कुणाशी तरी गप्पांची सवय असेल, ती तुटली. म्हणून विचारायला आले. ते इथे कुणाशी बोलायचे हो?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. साहेब आम्हाला कामं सांगायचे, चुका दाखवायचे, रागवायचे. पण गप्पा? मोघे म्हणाले, "माझ्याशी नाही." गायधनी म्हणाला, "मला तर चिठ्ठ्या द्यायचे." मला आठवेना की साहेबांनी कधी मला काही विचारलं होतं.

पुंजाराम दारापाशी उभा होता. तो पायाकडे बघत म्हणाला, "झाडासंगं बोलायचे."

"काय?"

"सकाळी मी हापिस उघडलं का ते येयाचे. तुमी सगळे यायच्या आंदी. कुंडीफुडं खुर्ची घेऊन बसायचे. मी झाडू मारायचो, तवा कानावर पडायचं. रोजचंच."

"काय बोलायचे?" काकू पुढे सरकल्या.

पुंजाराम घुटमळला. "घरचंच. पोरगं लांब गेलं, घर मोकळं झालं. तुमचा गुडघा दुखतो, पन तुमी सांगत नाय. कालच्या आमटीत मीठ जास्ती पडलं व्हतं, पन म्हटलं नाय, तुमाला वाईट वाटंल."

काकूंनी पदराने चष्मा पुसला, घातला, परत काढला. शेवटी म्हणाल्या, "तीस वर्षं मला वाटत होतं, या माणसाला आमटीची चवच कळत नाही!"

आम्ही झाड त्याच रिक्षात घातलं. काकूंच्या मांडीवर कुंडी, पानं रिक्षाच्या बाहेर. कुणी परवानगी विचारली नाही. गायधनीने स्टॉक रजिस्टरमध्ये 'पुढील डेव्हलपमेंटसाठी रवाना' अशी नोंद करून टाकली.

तीन-चार आठवड्यांनी मी इंदिरानगरला गेले. दार साहेबांनीच उघडलं. जरा वाळले होते, पण दाढी केलेली, सदऱ्याला इस्त्री. मला बसवलं आणि स्वतःच बोलायला लागले! ऑफिस कसं आहे, मोघ्यांचं बीपी काय म्हणतंय, गायधनीची बाग यंदा कशी.

आतल्या गॅलरीतून कुणाचा तरी हळू आवाज येत होता. दार लोटलेलं होतं. मधल्या काचेतून दिसत होतं. काकू स्टुलावर बसल्या होत्या. ओल्या फडक्याने एकेक पान पुसत होत्या, आणि पान पुसता पुसता त्याला काहीतरी सांगत होत्या. मध्येच थांबून हसल्या. परत सांगायला लागल्या.

साहेबांनी माझी नजर पाहिली. खुर्ची पुढे ओढली, गॅलरीकडे एकदा वळून बघितलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले,

"मॅडम, हे रोज सकाळी तासभर चालतं. मी जवळ गेलो की गप्प होते. तुम्ही जरा आत जाऊन ऐका ना, माझ्याबद्दल काय सांगते ती!"